पत्र्याचे पंचांग



मे महिन्याच्या अखेरीस कोल्हापुरात कोठेही फिरा. शिवाजी उद्यमनगर असो, शिरोलीची किंवा गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत असो, नाहीतर एखाद्या खेड्यातील शाळा असो. छपरांवर माणसे चढलेली दिसतील. कोणी पत्रा बदलतो आहे, कोणी बोल्ट आवळतो आहे, कोणी घाईघाईने लाल रंगाचा हात फिरवतो आहे. रोहिणी नक्षत्र लागलेले असते, मृग तोंडावर आलेला असतो आणि साऱ्या गावाला एकदम आपापल्या छपराची आठवण होते. मेस्त्री मिळत नाही. मिळाला तर त्याला वेळ नसतो. त्यातच वळवाची सर येते, ओला रंग ओघळतो आणि गेल्या वर्षी जेथे गळत होते, तेथेच पुन्हा बादली ठेवावी लागते.

पेरणी केव्हा करायची हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. उसाची लागण, भाताचा तरवा, शाळूची पेरणी या प्रत्येकाचा काळ ठरलेला आहे. लोखंडी इमारतीलाही असेच एक पंचांग असते आणि आपण ते पाळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्र्याची शेड उभी करण्याचा आणि तिची डागडुजी करण्याचा खरा हंगाम मे महिना नव्हे. तो दिवाळीपासून होळीपर्यंतचा आहे. मे महिना फक्त शेवटची नजर टाकण्यासाठी ठेवावा.

हे मत केवळ एका शिक्षकाने सांगितले म्हणून मान्य करू नका. त्यामागचे पदार्थविज्ञान तपासून पाहा आणि मगच काय ते ठरवा.

लोखंड केव्हा गंजते?

आपल्या डोक्यावरचा नागमोडी पत्रा हा तसा जुना शोध आहे. हेन्री पामर या इंग्रज इंजिनियराने १८२९ साली अशा पत्र्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा वाकतो, पण त्याला वळ्या पाडल्या की तो ताठ होतो. वहीच्या कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून दोन पुस्तकांच्या आधारावर ठेवा आणि वर खोडरबर ठेवून पाहा, म्हणजे पटेल. पुढे १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि हलके, स्वस्त, टिकाऊ छप्पर जगभर पसरले.

मात्र हा मुलामा फार पातळ असतो. चांगल्या प्रतीच्या पत्र्यावरही तो एका बाजूला सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग असतो. माणसाचा केस याहून जाड भरेल! जस्त आहे तोपर्यंत ते स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. जस्त संपले की लोखंडाची पाळी येते.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोहोंची गरज असते, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. कोरड्या हवेत खिळा गंजत नाही. उकळून हवा काढून टाकलेल्या, वर तेलाचा थर असलेल्या पाण्यातही गंजत नाही. पण पत्र्यावर पाण्याचा एक थेंब नुसता बसून राहिला, की त्याची एक चिमुकली विजेची बॅटरी होते. थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू भरपूर मिळतो, मध्यभागी कमी मिळतो. या फरकामुळे मध्यभागी लोखंड विरघळू लागते. म्हणूनच गंजाचा खड्डा थेंबाच्या मधोमध पडतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पत्र्यावर किती पाऊस पडला यापेक्षा तो किती तास ओला राहिला, याला अधिक महत्त्व आहे. धो धो पाऊस पडून ऊन आले तर पत्रा लवकर वाळतो. पण जेथे दोन पत्रे एकमेकांवर चढतात ती फट, बोल्टच्या वॉशरखालची जागा, पन्हळीत साचलेला पालापाचोळा, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला दगड किंवा जुना टायर या ठिकाणी ओल दिवसचे दिवस टिकते. छपरावरचा दगड काढून पाहिला तर बहुधा त्याच्याखालीच तांबडा डाग दिसेल. पत्रा सांभाळण्यासाठी ठेवलेला दगडच पत्रा खातो, असे म्हणायला हरकत नाही.

कोल्हापुरात यात आणखी एक भर पडते. आपल्याकडे शेकड्यांनी फौंड्र्या आहेत. जेथे भट्टीत कोक जळतो, तेथे त्यातील गंधकाचा वायू धुरातून बाहेर पडतो. तो ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होते. शिवाय वाळूची आणि काजळीची बारीक धूळ छपरावर बसते. ही धूळ स्पंजासारखी ओल धरून ठेवते. ही धूळ पावसापूर्वी कोरडी असतानाच झाडून काढली, तर रंगाचा खर्च न करताही छपराचे आयुष्य वाढते.

ऊन, थंडी आणि कट्‌कट् आवाज

उन्हाळ्यात संध्याकाळी पत्र्याच्या घरात बसले, की वरून कट्‌कट् असा आवाज येतो. मांजर नसते, कोणी दगडही मारलेला नसतो. दिवसभर तापून लांबलेला पत्रा आखडत असतो आणि बोल्टच्या पकडीतून सरकताना आवाज करतो.

हिशेब करून पाहू. पोलाद एक अंश सेल्सिअसने तापले, की आपल्या लांबीच्या दहा लाख भागांपैकी १२ भागांनी वाढते. मे महिन्याच्या दुपारी पत्रा ६५ अंशांपर्यंत तापू शकतो. जानेवारीच्या पहाटे तोच १५ अंशांपर्यंत उतरतो. फरक ५० अंशांचा झाला. शेड ३० मीटर लांब असेल, तर लांबीतील फरक ३० × ०.००००१२ × ५० = ०.०१८ मीटर, म्हणजे १८ मिलिमीटर येतो. हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी ही हालचाल कोठे तरी सामावली गेली पाहिजे. तशी सोय नसेल, तर भोके रुंदावतात, वॉशर चुरगळतो आणि पाण्याला वाट मिळते. वळवाची सर तर याहून कठोर असते. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडले, की जी हालचाल एरवी काही तासांत होते ती काही मिनिटांत होते.

आता विचार करा. भर उन्हात, पत्रा पुरता लांबलेला असताना सगळे बोल्ट घट्ट आवळले, तर थंडीत तो आखडताना प्रत्येक बोल्टला ओढणार. अगदी पहाटेच्या थंडीत आवळले, तर उन्हाळ्यात तो फुगणार. मग मधले तापमान केव्हा सापडते? हिवाळ्यातील सकाळी दहा-अकराच्या सुमारास पत्रा साधारण ३५-४० अंशांवर असतो. हा १५ आणि ६५ यांचा जवळजवळ मध्य आहे. इमारत उभी करण्याचा हंगाम हिवाळा का, याचे हे पहिले कारण होय.

रंगासाठी दोन शत्रू

रंगकामाला ओल चालत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण अति ऊनही चालत नाही, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. हाताला चटका देणाऱ्या पत्र्यावर रंग लावला, तर त्यातील पातळ द्रव झटकन उडून जातो. वर साय धरते, आत द्रव अडकतो आणि मग फोड येतात. असा रंग एका पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो. म्हणजे मे महिन्यात दुपारी ऊन आडवे येते आणि संध्याकाळी वळीव आडवा येतो. रंगाऱ्याने काम करावे तरी केव्हा?

हिवाळ्यातही एक शत्रू आहे, तो म्हणजे दव. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि पातळ असल्यामुळे भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. म्हणून अंगण कोरडे असतानाही पहाटे पत्र्यावरून पागोळ्या गळताना दिसतात. रंगकामाचा नेहमीचा दंडक असा आहे, की पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त असावे आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नसावी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ही अट पुष्कळ दिवस पुरी होत नाही. हिवाळ्यात मात्र सकाळी दव उडाले, की ती रोज पुरी होते. दहा वाजता काम सुरू करावे आणि तीनच्या सुमारास थांबावे, म्हणजे रात्रीचे दव पडेपर्यंत रंग सुकतो.

येथे एक व्यवहारातील गोष्ट सांगून ठेवतो. जस्ताच्या नव्या कोऱ्या पत्र्यावर साधा तेलरंग थेट लावू नये. जस्ताशी त्याची क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सोलून निघतो. त्यासाठी वेगळा प्रायमर लागतो. गंजलेल्या जागी मात्र आधी तारेचा ब्रश आणि पॉलिश कागद, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात हा क्रम चुकवू नये. गंजावर रंग लावणे म्हणजे जखमेवर वरून पावडर लावण्यासारखे आहे. आतली क्रिया चालूच राहते.

वारा वाट पाहत नाही

कोणी म्हणेल, “पाऊस जूनमध्ये येतो, मग नोव्हेंबरपासून घाई कशाला?” पण छपराचा पहिला शत्रू पाऊस नव्हे, वारा आहे, आणि तो जूनची वाट पाहत नाही. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वळवाच्या वादळात एक प्रचंड लोखंडी जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. तो दिवस मृगाच्या जवळजवळ चार आठवडे आधीचा होता.

वाऱ्याचा दाब काढण्याचे सोपे सूत्र असे: वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणावे. वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर धरला, तर दर चौरस मीटरला ५४० न्यूटन दाब येतो. हे सुमारे ५५ किलोग्रॅम वजनाइतके बळ झाले. छपरावरून वारा वाहतो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. एक चौरस मीटर पत्र्याचे स्वतःचे वजन मात्र अवघे चार-पाच किलोग्रॅम असते! म्हणजे छप्पर वजनाने जागेवर राहत नाही, बोल्टांच्या पकडीने राहते. चार बोल्टांपैकी एक गंजून तुटला, तर उरलेल्या तिघांवर त्याचा भार येतो. पत्र्यावर ठेवलेले दगड अशा वाऱ्यात छप्पर धरून ठेवत नाहीत, उलट खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात पडतात.

अर्धवट उभी केलेली शेड तर सर्वांत धोक्याची. खांब उभे आहेत, कैच्या चढल्या आहेत, वर थोडे पत्रेही लागले आहेत, पण तिरप्या ताणपट्ट्या अजून बसलेल्या नाहीत, अशी शेड वाऱ्यात शिडासारखी फुगते. म्हणून शेडचे काम मार्चमध्ये सुरू करून मे महिन्यात अर्धवट ठेवण्यापेक्षा ते पुढच्या दसऱ्यावर ढकललेले बरे.

मग पंचांग कसे असावे?

माझ्या मते ते असे असावे. दसऱ्याच्या सुमारास पावसाने उघडीप दिली, की पायाचे काम घ्यावे. आपल्याकडील काळी माती ओली असताना फुगते आणि वाळल्यावर आकसते. ती फार ओली असताना खांबाचा पाया घेऊ नये. नदीकाठच्या भागात खांबाचा पाय जमिनीपासून उंच, काँक्रीटच्या चौथऱ्यावर घ्यावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. असे पाणी ओसरले तरी खांबांच्या पायथ्याशी गाळ राहतो आणि तो आतल्या आत लोखंड खात बसतो. पूर येऊन गेला असेल, तर हा गाळ काढणे हेच दिवाळीपूर्वीचे पहिले काम समजावे.

कार्तिक आणि मार्गशीर्षात खांब आणि कैच्या उभ्या कराव्यात, पौषात पत्रे चढवावेत. नवे पत्रे पावसाळ्यात आणून एकावर एक रचून ठेवू नयेत. मध्ये पाणी शिरले आणि हवा लागली नाही, तर जस्तावर पांढरी भुकटी चढते आणि वापरापूर्वीच मुलामा झिजतो. भोके पाडताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी संध्याकाळी झाडून काढावा; नाहीतर प्रत्येक कणाभोवती गंजाचा ठिपका उठतो.

जुन्या छपराची दुरुस्ती आणि रंगकाम माघ-फाल्गुनापर्यंत उरकावे. चैत्रात पन्हळी आणि छपरावरची धूळ काढावी. वैशाखात, वळवापूर्वी, फक्त सैल बोल्ट आणि फुटके वॉशर पाहावेत. मृगाला छप्पर तयार!

यावरील आक्षेप

या पंचांगावर दोन आक्षेप येतात आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप गुऱ्हाळघरांचा आणि साखर कारखान्यांचा. त्यांचा हंगाम नेमका हिवाळ्यात असतो. काम बंद ठेवून रंग कसा लावणार? हे खरे आहे. गुऱ्हाळात तर काहिलीतून उठणारी वाफ थंड पत्र्याला आतून लागून पाणी होते आणि पत्रा आतूनही गंजतो. पण छपराच्या बाहेरच्या अंगाला रंग लावण्यासाठी चूल विझवावी लागत नाही. काहिलीच्या वरची जागा सोडून बाकीचे छप्पर टप्प्याटप्प्याने करता येते. आतले काम हंगाम संपताच, मार्च-एप्रिलमध्ये, सकाळच्या पहिल्या तीन तासांत करावे. ते मे अखेरीवर टाकण्याचे कारण नाही. आणि आढ्याला वाफ बाहेर जाण्यासाठी मोकळी वाट ठेवली, तर दुखण्याचे मूळच कमी होते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो शाळांना जास्त लागू आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्या सुमारास खर्चाला मंजुरी मिळते, एप्रिलमध्ये माल येतो, मे महिन्यात मेस्त्री सापडतो आणि जूनमध्ये पाऊस येतो. म्हणजे छप्पर केव्हा दुरुस्त करायचे हे ऋतू ठरवत नाही, हिशेबाची वही ठरवते. माझा खरा वाद या वहीशी आहे. पाऊस वही वाचत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळांमध्ये व्यवस्थापन समित्या आल्या आहेत. या समितीने गळक्या जागांची यादी सप्टेंबरमध्येच करून कामाची मागणी दिवाळीपूर्वी पाठवली, तर त्याच आर्थिक वर्षातील हिवाळा हाताशी राहतो. जास्त पैसे लागत नाहीत. तेच पैसे पाच-सहा महिने आधी खर्च करायचे आहेत.

दुर्लक्षाची किंमत मात्र फार मोठी असते. मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला आणि चार जणांचा बळी गेला. पुलावर त्या वेळी पर्यटकांची फार गर्दी होती, म्हणून सारा दोष एकट्या गंजाला देणे बरोबर होणार नाही. पण जीर्ण लोखंड गर्दी सहन करत नाही, ही गोष्ट तर खरी. याउलट पॅरिसचा आयफेल टॉवर पाहा. १८८९ साली तो उभा राहिला तेव्हा वीस वर्षांनी काढून टाकायचा होता. तो आजही उभा आहे, कारण साधारण दर सात वर्षांनी त्याला रंग दिला जातो आणि त्या निमित्ताने त्याच्या अंगाखांद्यावरून माणसाची नजर फिरते. रंगाइतकेच त्या नजरेलाही मोल आहे.

तुम्ही काय करू शकता?

सर्वांत आधी एक सूचना. छपरावर कधीही चढू नका. गंजलेला पत्रा आणि सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलेलच असे नाही. तुमचे काम जमिनीवर उभे राहून होण्यासारखे आहे.

भर दुपारी वर्गाची दारे-खिडक्या लावून घ्या आणि फरशीवर पडणारे कवडसे शोधा. पत्र्याचे भोक वेडेवाकडे असले तरी कवडसा गोल किंवा लांबट गोल दिसेल, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. सूर्यकिरण भोकापासून फरशीपर्यंत जेवढे अंतर कापतात, त्याला साधारण १०८ ने भागले की कवडशाची रुंदी मिळते. चार मीटरचे अंतर असेल तर ती सुमारे ३.७ सेंटिमीटर भरेल. पट्टी घेऊन मोजा. जेथे कवडसा आहे, तेथून सूर्याकडे सरळ रेषा काढली की भोक सापडले! ते वर्गाच्या नकाशावर टिपून ठेवा. पावसाळ्यात जेथे थेंब पडतात, त्या जागाही त्याच नकाशावर टिपा. कवडसा एका जागी आणि थेंब दुसऱ्या जागी असे दिसले, तर पाणी पत्र्याच्या उतारावरून वाहत येऊन भलतीकडे पडते आहे, हे तुमचे तुम्हालाच कळेल. मेस्त्रीलाही हा नकाशा फार उपयोगी पडेल.

दुसरा प्रयोग वर्षभराचा आहे. चार सारखे खिळे घ्या. एक उघड्यावर ठेवा, एक दगडाखाली, एक ओल्या पालापाचोळ्यात आणि एक रंग लावून उघड्यावर. दर महिन्याला त्यांचे निरीक्षण लिहा. कोणता महिना लोखंडाला सर्वांत जड जातो, ते तुमच्या वहीतच दिसेल.

मग तो नकाशा आणि ती वही घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. पण मे महिन्यात नको. सप्टेंबरमध्ये भेटा, गळतीची आठवण ताजी असताना.